वरून दिसलेलं

बाबा माडावर चढायचे ते गात गात.
गळा चांगला होता म्हणून नव्हे.
खाली कुणी न्हात असेल, कुणी भांडत असेल,
त्यांना कळावं, वर माणूस आहे.
मायाना बेटावरची ही रीतच,
पण बाबांचं गाणं जरा जास्तच मोठं.

पोयीचं टोक कापायचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं,
कालची बाटली सोडवायची, आजची बांधायची.
पहाटे एकदा, उन्हं कलल्यावर एकदा.
ताजा रस म्हणजे करेवे, आम्ही त्यावरच वाढलो.
विसरून राहिला तर फेसाळतो, चढतो,
मग तो काओकिओकी,
आणि आमच्या बहाई घरात वर्ज्य.
"माड तोच, बाटली तीच,"
शेजारचा तोआकाई हसायचा,
"तुमच्या देवाला घड्याळ कशाला लागतं?"
"देवाला नाही रे, मला लागतं,"
बाबा म्हणायचे,
आणि उरलेला रस आईकडे द्यायचे,
काकवीसारखा काळा होईतो कढवायला.

मार्चमधले एकोणीस दिवस उपासाचे.
संध्याकाळची बाटली उतरलेली असायची,
आम्ही वाट्या घेऊन रांगेत,
आणि लगूनवरचा सूर्य
बुडता बुडायचा नाही.

दारूचा नियम सोपा होता, असं आता वाटतं.
नाकाला वास येतो, पाय सांगतात.
अवघड होता तो दुसरा:
पाठमोऱ्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही.
खरं असलं तरी नाही.
आणि बाबांना तर वरून
अर्धं गाव दिसायचं.

ज्या वर्षी खोबऱ्याचं जहाज आलंच नाही,
त्या वर्षी आमचं डुकराचं पिल्लू गेलं.
काळ्या कानाचं. ताईच्या लग्नासाठी वाढवलेलं.
आई म्हणाली, "तुम्ही वर होता."
बाबांनी सुरी धुतली.
"दिसलं असणार तुम्हाला."
बाबांनी सुरी पुन्हा धुतली.
दिसलं नाही, असं ते म्हणाले नाहीत;
खोटंही वर्ज्यच होतं ना.
मग मिठाची गुळणी धरून बसले,
एक दिवस नव्हे, तीन आठवडे,
आणि आईनं तितके दिवस
त्यांचा मासा अळणी वाढला.
लग्न फणसकाप भाजून साजरं झालं.
मी तेव्हा बाबांवर चिडले होते.
चोराला झाकणारा हा कसला धर्म,
असं मनात म्हणाले, मोठ्यानं नाही.

बाबा गेले ते भर दुपारी.
तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यायचा नाही, असा नियम;
आमच्याकडे तितक्यात गावच संपतं.
तिथेच, पांढऱ्या वाळूत.

अंधार पडल्यावर तोआकाई आला.
अंगाला आंबलेला वास. चटईच्या कडेवर बसला.
"ते पिल्लू," म्हणाला,
आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला.
"नको. माणसापुढे पापाची कबुली द्यायची नाही,
हाही एक नियम आहे आमच्यात."
"किती गं नियम तुमचे!"
तो हसला की रडला, कंदिलात कळेना.

खरं सांगते, मी तो नियम ताणला.
ज्याचं आपण वाईट केलं
त्याची माफी मागायला कुणी अडवत नाही;
हे मला पाठ होतं.
पण त्यानं सांगितलं असतं
तर बाबांनी इतकी वर्षं जे तोंडात धरलं
ते एका क्षणात सांडलं असतं चटईवर.
शिवाय चोर तोच, हे तरी कशावरून?
कदाचित त्यानंही नुसतं पाहिलं असेल.

मी त्याला वाटीभर करेवे दिलं, ताजं.
त्यानं ते हुंगलं,
लहान मुलासारखं तोंड केलं, आणि प्यायला.

आता माझा धाकटा भाऊ चढतो.
हात बसलाय, कापणं नीट होतं,
पण गायला लाजतो.
पोय धरून नुसताच गप्प बसतो वर.
मी खालून ओरडते,
अरे, मोठ्यानं.